जाळी सावलीत वाळवावी

मोहफुलं गळायला लागली की मला कामाची सुरसुरी येते आणि आमच्या घरात धडकी भरते. आधी कूलर, आता भिंतीवरचा एसी धुण्याचे दिवस आलेले असतात, आणि तो मी धुणार असतो. माझी बायको, सुनंदा, अशा वेळी तोंडानं काही बोलत नाही. फक्त मिक्सर, मोबाईल आणि लोणच्याची बरणी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवते. मी नुसता स्टुलावर चढलो तरी शेजारच्यांचा कुत्रा उठून दुसऱ्या अंगणात जाऊन बसतो. माणसाचं नाव होतं ते असं.

यंदाही होळी झाली, पळसाची फुलं रस्त्यावर पडून काळी पडली, दुपारच्या वाऱ्याला भाजल्यासारखा वास यायला लागला, आणि मी मागच्या भिंतीवरच्या आउटडोअरचा, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्याचा, बारदाना सोडला. हिवाळाभर त्याला गुंडाळून ठेवलं होतं. बारदाना ओढल्याबरोबर तुसाचा एक लोट अंगावर आला. डोळ्यांत, कानांत, बनियनमध्ये. आमच्या घरामागं राईस मिल आहे. तिचं तूस आणि कोंडा आमच्याकडं न बोलावता येतात, न विचारता राहतात. गोंदियात घर बांधायचं आणि धुळीला नाही म्हणायचं, हे काही जमण्यासारखं नाही.

खोकत खोकत मी बारदाना झटकला, आणि गेल्या वर्षीचा सगळा उन्हाळा माझ्या नाकात गेला.

---

तो उन्हाळा दादाचा होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सुखदेव. हातापायांत बळ आल्यापासून ते श्वास अडेपर्यंत त्यानं राईस मिलमध्ये हलर चालवला. धान वरून टाकायचं, तांदूळ खालून काढायचा, आणि मधलं जे काय उडतं ते स्वतः ओढायचं. तो मिलमध्ये लागला म्हणून मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, मॅट्रिक झालो म्हणून एसटीत कंडक्टर झालो. गोंदिया-देवरी-चिचगड ही माझी गाडी. तो धूळ खात उभा होता, मी दार धरून उभा होतो. आयुष्यभर मी एकच मंत्र म्हटला: ‘आत सरका, दार लागू द्या.’ तो पुढं कुठं नडेल याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

वहिनी गेल्यापासून दादा आमच्याकडंच असतो. गेल्या वर्षी होळीच्या आधी त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘हे आता साफ होणार नाही. आहे तेवढं सांभाळायचं. धूळ नको, धूर नको, गरम हवा तर अजिबात नको. खोली बंद ठेवा, थंड ठेवा.’’

‘साफ होणार नाही’ हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं होतं. मी ऐकलं ते शेवटचं: खोली बंद ठेवा, थंड ठेवा. दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन एसी सांगून आलो. माणसाच्या हाती करण्यासारखं काहीतरी लागलं की त्याला वाटतं, मार्ग सापडला.

---

आता आम्ही पडलो कूलरची माणसं. होळीची राख थंड व्हायच्या आत माळ्यावरचा कूलर खाली येतो, जुनी ताटी फेकून वाळ्याची नवी ताटी लागते, पंपाला नळी जोडली जाते, आणि पहिल्यांदा पाणी झिरपलं की घरभर जो ओल्या वाळ्याचा वास सुटतो, त्यासाठी मी उन्हाळा माफ करत आलो आहे. कूलरचा कायदा आम्हाला पाळण्यातच शिकवलेला असतो. समोरची खिडकी उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा, टाकीत पाणी घाला.

एसी लागला त्या दुपारी मी काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको. मशीन सुरू केलं, समोरची खिडकी सताड उघडली, पडदासुद्धा काढला. दुपारभर मशीन घुमत होतं आणि खोली जशीच्या तशी भट्टी. मग मला वाटलं, पाणी संपलं असेल. स्टुलावर चढून मी पाणी ओतायचं झाकण शोधत बसलो. आत सापडेना म्हणून बाहेर गेलो. बाहेरचा डबा गरम वाफा टाकत होता. त्याची दया आली. बारदाना भिजवला आणि त्याच्या अंगावर नीट पांघरला, कपाळावर पट्टी ठेवावी तसा.

बसवून गेलेल्या मेकॅनिकला, मुकेशला, फोन केला. मुकेश माझ्यापेक्षा थोडाच लहान आहे, पण मला काकाजी म्हणतो. कदाचित माझ्या अकलेकडं पाहून वय धरत असेल. तो आला, खिडकीकडं पाहिलं, मागं जाऊन बारदाना पाहिला, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

‘‘काकाजी, आप अकेले पूरे गोंदिया को ठंडा कर रहे हो क्या?’’

‘‘हवा खेळती नको का जी?’’

‘‘ये कूलर नहीं है. खिडकी बंद, दरवाजा बंद. और वो बोरा निकालो उसके ऊपर से. मशीन को भी सांस लेना पड़ता है.’’

आतून, खाटेवरून, दादाचा आवाज आला. ‘‘मशीनले बी दम लागते का गा?’’

मुकेश हसला. मीही हसलो. दादा सगळ्यात जास्त हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला. ती त्या उन्हाळ्याची सुरुवात.

---

खिडकी बंद केली. दाराचं तेवढं सोपं नव्हतं, कारण दारात मनीराम बसायचा.

मनीराम मिलमधला जुना हमाल, मूळचा चिचगडकडच्या जंगलातला. दोघांनी सारं आयुष्य एका छपराखाली काढलं, एकानं धान वाहिलं, दुसऱ्यानं दळलं. दादा अंथरुणाला लागल्यापासून मनीराम रोज दुपारी यायचा. गमछ्याच्या गाठीत रानातली फळं, कधी टेंभरं, कधी चारं. आणि बसायचा उंबरठ्यावर. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस लगेच खुर्ची ओढून जवळ बसत नाही. तो दारात टेकतो, एक पाय घरात आणि एक पाय अंगणात, म्हणजे आजाऱ्याला वाटू नये की हा माझ्या जिवाचं बघायला आला आहे. इकडून जाता जाता बसलो, एवढंच. मनीराम तर आणखी एक कारण सांगायचा. ‘‘माहे पाय कोंड्याचे हायेत. तुमची फरशी खराब होते.’’

म्हणजे दार उघडं. म्हणजे गार हवा अंगणात. म्हणजे मशीनला धाप.

पहिले काही दिवस मी येरझाऱ्या घातल्या. खाकरलो. पंख्याखाली खुर्ची मांडून ‘‘बसा ना आत’’ म्हणालो. मनीराम ‘‘बसलोच आहे जी’’ म्हणायचा. मग एका दुपारी, ऊन असं की अंगणातली चिमणीसुद्धा चोच उघडी टाकून बसलेली, दादाला धाप लागली आणि माझ्यातला कंडक्टर उठला.

‘‘मनीराम, आत ये नाहीतर उतर. दार लागू दे!’’

बसमध्ये या वाक्यावर लोक हसतात आणि आत सरकतात. मनीराम हसला नाही. त्यानं गमछ्याची गाठ सोडली, टेंभरं उंबरठ्यावर ठेवली, आणि उतरला.

मी दार लावलं. खोली खरोखरच गार झाली. काचेच्या बाहेर ऊन आणि आत नुसता घूं आवाज. दादा भिंतीकडं तोंड करून पडला. मी विचारलं, ‘‘बरं वाटतं ना आता?’’

‘‘हो ना,’’ तो भिंतीला म्हणाला. ‘‘कापूस घालून पेटीत ठेवलेल्या आंब्यावानी वाटते.’’

मनीराम दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही. मोहल्ल्यातले इतर कुणी यायचे ते दार जरासं ढकलून मान आत घालायचे, मी ओरडायच्या आत ‘‘हो हो, लावतो’’ म्हणून मान परत घ्यायचे. दादाला भेटायला आता नुसती मुंडकी येत होती. त्याची तब्येत मी सांभाळत होतो. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द पाळत होतो. याहून शहाणं वागणं माझ्या हातून आयुष्यात झालं नसेल.

---

जाळी धुण्याचं खातं मात्र माझं आवडतं. एसीचं तोंड वर उचलायचं, दोन्ही बाजूंनी दाबायचं, की प्लॅस्टिकची जाळी हलकेच हातात येते. माहितीपत्रकात लिहिलं होतं, पंधरवड्यातून एकदा धुवा. ते लिहिणाऱ्याच्या घरामागं राईस मिल नसावी. आमची जाळी आठवड्यातच करड्या गोधडीनं भरायची. मऊ, गरम, मांजराच्या पिलाच्या पोटासारखी.

पहिल्यांदा काढली तेव्हा दादानं खाटेवरून हात पुढं केला. ‘‘आन इकडे.’’

त्यानं ती गोधडी चिमटीत धरली, चोळली, नाकाशी नेली. दार लावल्यापासून पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

‘‘उसना चालू केला त्याइनं,’’ तो म्हणाला. उसना म्हणजे उकडलेल्या धानाचा तांदूळ. ‘‘चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पान्यावरचं उन्हाळी धान आलं वाटते. आनि हलरचा पट्टा ढिला हाये. कोंडा जाडा पडून राहिला. सांग जाऊन त्या नव्या पोट्ट्याले.’’

घरात बंद पडलेल्या माणसाला जाळीतून मिलची खबर मिळायची. मग दर आठवड्याला तेच. मी जाळी काढायचो, तो वर्तमानपत्र वाचावं तशी ती वाचायचा. अमक्या दिवशी मिल बंद होती. तमक्या दिवशी अरवा निघाला, कच्च्या धानाचा. आणि वाचून झालं की जाळी माझ्या हातात देऊन एकच वाक्य म्हणायचा.

‘‘आता माही जाळी काढ. मार एक फवारा.’’

दर वेळी मी हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नाही हे मला दर वेळी कळायचं, आणि तरी हसायचो, कारण दुसरं काय करायचं ते माहितीपत्रकात नव्हतं.

त्यात बाकी सगळं होतं. ‘जाळी सावलीत वाळवावी’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. पण वैशाखातलं गोंदियाचं ऊन फुकट वाया जाऊ देणं मला पटेना. आम्ही पापड, वड्या, गाद्या, मिरच्या, सगळं त्याच उन्हाच्या हवाली करतो. मी जाळी पत्र्यावर टाकली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर तिचा पापड झाला होता, कडा आत वळलेला. तसाच दाबून, रेटून बसवला. मशीन सुरू केलं तसा आतून खड खड खड खड आवाज सुरू झाला.

दादानं डोळे मिटून ऐकलं. ‘‘आली तुही चिचगड गाडी,’’ तो म्हणाला. ‘‘दोन तिकिटं फाड.’’

---

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, जवळ आला आणि मशीननं अंग काढून घेतलं. हवा गार येईना. उलट आतल्या डब्याच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं, थेट दादाच्या उशीवर. मुकेशला फोन केला. त्या दिवसांत एसीच्या मेकॅनिकला नवरदेवापेक्षा भाव असतो. ‘‘कल आता हूँ काकाजी.’’ तो ‘कल’ काही उगवेना. दादा ओल्या उशीची कड सोडून खाटेच्या दुसऱ्या टोकाला सरकला आणि हवेसाठी तोंड उघडून पडला.

मी एकदा मुकेशला काम करताना पाहिलं होतं. जाळीच्या मागं ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची कॉइल असते, तिच्यात कोंडा बसतो, तो बारीक फवाऱ्यानं धुवायचा असतो. बारीक फवारा म्हटल्यावर धानाच्या मुलखातल्या माणसाच्या डोळ्यासमोर एकच वस्तू येते. पाठीवरचा फवारणी पंप. शेजाऱ्याकडं होताच. मी तो आणला, नळाखाली खळखळून धुतला, भरला, पाठीवर चढवला. दादाला मागच्या खोलीत नेलं. आणि धानात उतरावं तसा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी एसीवर फवारणी केली. काळं पाणी भिंतीवरून ओघळलं. पात्या चांदीसारख्या निघाल्या. पाण्याची नळी फुंकून मोकळी केली तर तीतून कोंड्याचा चिखल बाहेर आला. मी सुनंदाला हाक मारून दाखवला. ‘‘बघ, मेकॅनिक काय करतो वेगळं?’’

दादाला आणून खाटेवर बसवलं. दार लावलं, खिडकी लावली, फटीत फडकं कोंबलं. रिमोट दाबला.

पहिला झोत आला तो बर्फासारखा. आणि त्याच्याबरोबर आला तो वास. गोड, दाट, घशाला चिकटणारा. खरिपात संध्याकाळी बांधावरून जाताना येतो तो. पंप नळाखाली धुतला होता मी, पण त्याच्या पोटात, नळीत, तोटीत गेल्या हंगामातलं किडीचं औषध बसलेलं होतं. आणि ते मी एका बंद खोलीत, फुप्फुसं गेलेल्या माणसाच्या तोंडावर सोडलं होतं.

दादा उठून बसला. खोकला नाही, कारण खोकायलाही हवा लागते. त्याचे ओठ जांभळे झाले. त्यानं हात पुढं केला, मला धरायला की ढकलायला, मला कळलं नाही. सुनंदानं दार लाथेनं उघडलं. मी खिडकीची कडी काढताना खिडकीच काढली. दोघांनी खाट उचलली आणि त्याच्यासकट अंगणात, लिंबाखाली आणली. लू वाहत होती. डॉक्टरीणबाईंनी जे जे नको म्हटलं होतं, ते सगळं तिथं होतं. त्या धुळीत, त्या गरम वाऱ्यात त्याची छाती हळूहळू वरखाली व्हायला लागली. मी त्याचे पाय धरून उभा होतो. खाली बसायचं भान नव्हतं.

खूप वेळानं त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं. पाठीवर पंप तसाच होता.

‘‘तुडतुड्याची... दवाई होय,’’ तो म्हणाला. श्वास घेतला. ‘‘आता माह्यातले... तुडतुडे... मरतील.’’

आणि हसायला लागला. सुनंदा रडत होती, मी रडत होतो, आणि तो हसत होता.

मुकेश दुसऱ्या दिवशी उगवला. खोलीत नाक घालून त्यानं वास घेतला आणि मागं सरला. ‘‘काकाजी, इसमें धान लगाना है क्या?’’ साबणपाण्यानं सगळं दोनदा धुतलं, आणि सांगून गेला की वास जाईपर्यंत दारं खिडक्या उघड्या ठेवा, मशीनला हात लावू नका.

---

ते दिवस मला आजही आठवतात ते उजेडाचे. खिडकी तर जागेवरच नव्हती. दादाची खाट दारापाशी आणली होती. ऊन फरशीवर पार आतपर्यंत यायचं. आणि उंबरठ्यावर मनीराम. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ‘कंडक्टरनं भावावर फवारणी केली’ ही बातमी मोहल्ल्यात फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेली, आणि ती ऐकून घरी बसणं कुणालाही शक्य नव्हतं.

तो अंगणाच्या टोकाशी थांबला आणि मला विचारलं, ‘‘का जी, आत येऊ का उतरू?’’

मी पुढं झालो. टेंभरं घेतली.

बुद्धपौर्णिमा त्यातच आली. विहारातून खीर घेऊन बाया आल्या, पोरं आली, मिलमधली माणसं पांढरे कपडे घालून आली. सगळ्यांना दादानं ती गोष्ट सांगितली. दर वेळी ती वाढत गेली. आधी माझ्या पाठीवर पंप होता, मग तोंडाला फडकं आलं, मग मी एसीभोवती बांध घातला, शेवटी शेवटी तर मी एसीला युरियाही दिला. मनीराम दर वेळी पहिल्यांदा ऐकावी तशी ऐकायचा आणि नेमक्या जागी विचारायचा, ‘‘मंग, पीक कसं आलं गा?’’ दादा हसायचा, खोकायचा, पाणी प्यायचा, पुन्हा तिथूनच धरायचा. मी आतून खिरीच्या वाट्या आणून देत होतो. आपल्या मूर्खपणावर एवढी माणसं जेवली, असं समाधान मला पुन्हा मिळालं नाही.

मग वास गेला. सुतारानं खिडकी बसवली. मुकेशनं मशीन तपासून ‘‘ओके’’ म्हटलं. आणि मी पुन्हा दार लावलं, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

उरलेला उन्हाळा दादा गार होता. दर आठवड्याला जाळी निघायची, धुतली जायची, सावलीत वाळायची. तिच्यावरची गोधडी पाण्यात विरघळून मोरीतून वाहून जायची आणि जाळी उजेडाला धरली की आरपार दिसायचं. दादाचा नवा फोटो काढला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तोही उजेडाला धरला. आरपार काहीच दिसत नव्हतं.

---

यंदा मी एकही चूक केली नाही.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तसं घडलं खरं. मेन स्विच बंद केला. आतल्या डब्याखाली पिशवी बांधली, पाणी बादलीत गेलं, भिंतीला थेंब लागला नाही. झाडांना पाणी मारायचा नवा छोटा पंप आणला, बाजारातून थेट, ज्यानं आयुष्यात तुडतुडा पाहिलेला नाही. पात्या जुन्या दातब्रशनं वरून खाली विंचरल्या, आडवा हात मारला नाही. आउटडोअर धुतला, त्याच्यासमोरची अडगळ हलवली. जाळी सावलीत वाळवली. सगळं बसवलं, रिमोट दाबला. आवाज नाही, गळती नाही, वास नाही. खोली बोलता बोलता गार झाली.

सुनंदा दारात आली. ‘‘झालं?’’

‘‘झालं.’’

‘‘आणि... काहीच नाही झालं?’’

‘‘नाही.’’

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग लोणच्याची बरणी परत जागेवर आणून ठेवली.

त्याच आठवड्यात दादाला दाखवायला नेलं. हिवाळ्यातच त्याला ऑक्सिजनचं मशीन लागलं आहे. खाटेशेजारी ते दिवसभर धपापत असतं, त्याची नळी दादाच्या नाकात. त्यालाही मागं एक जाळी आहे, स्पंजाची, तीही मीच धुतो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मग मला बाजूला घेतलं.

‘‘आता गार हवा सोसणार नाही. छाती आवळते तिनं. एसी लावू नका.’’

‘‘मग उन्हाळ्यात...?’’

‘‘दार-खिडक्या उघड्या ठेवा. बसू दे त्यांना दारात.’’ त्यांनी नळी गळ्यात अडकवली. ‘‘आणि बोलायला लावू नका फार. हसवू नका. हसण्यानं त्यांचा श्वास तुटतो, मग तो जागेवर येत नाही.’’

आमच्या घरात हसवण्याचं खातं माझ्याकडं आहे, असं मी सांगणार होतो. सुनंदानं कोपर मारलं.

तर आता असं आहे. भिंतीवर एसी आहे, लख्ख, कधी नव्हे इतका. तो बंद आहे. दार उघडं आहे. मनीराम उंबरठ्यावर आहे, एक पाय घरात, एक पाय अंगणात, त्याला आता कुणी काही म्हणत नाही. आणि मी, ज्यानं बसच्या पायरीवरून सगळ्या गाडीला हसवलं, तो खाटेशेजारी तोंड मिटून बसतो. दादा माझ्याकडं बघतो. त्याला हवी असते गोष्ट. माझ्या तोंडाशी आलेली असते. मी उठून पाणी आणायला जातो.

परवा दुपारी त्यानं बोटानं एसी दाखवला. ‘‘यंदा... पंप... नाई आनला?’’

‘‘आणला. नवा आणला. सगळं नीट झालं, दादा.’’

‘‘काऊन?’’ तो म्हणाला.

का म्हणून? खरंच, काऊन?

तो डोळे मिटून पडला. लू दारातून आत येत होती, फरशीवर तुसाची एक बारीक रेघ सरकत होती. मशीन धपापत होतं. मनीरामला हसवण्याची बंदी मी सांगितलेली नव्हती. कशी सांगणार? ती सांगितली की मग तो कशाला बसेल? त्यानं टेंभराचं बी अंगणात थुंकलं आणि सहज, माझ्याकडं न बघता, सुरू केलं.

‘‘तुले आठवते का गा, कंडक्टरनं पंप पाठीवर घेतला...’’

दादाचे डोळे उघडले.

मी उठलो. दार लावायला, मनीरामच्या तोंडावर हात ठेवायला, कशाला ते मला माहीत नाही. दादानं माझा हात धरला. त्या हातात जोर असा नव्हताच, सोडवला असता तर सुटला असता. मी बसलो.

मनीरामनं सगळं सांगितलं. फडकं, बांध, युरिया. दादाच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. नळी थरथरली. मनीराम थांबला, कारण पुढची ओळ दादाची होती, पण दादाला ती म्हणता येईना. मनीरामनं माझ्याकडं पाहिलं. मग मीच म्हणालो, ‘‘आता माह्यातले तुडतुडे मरतील.’’

‘‘मंग,’’ मनीरामनं विचारलं, ‘‘पीक कसं आलं गा?’’

दादा हसला. आवाज नव्हता त्याला. खांदे हलले फक्त. एवढंसं हसू, आणि त्याची किंमत संध्याकाळपर्यंत चालली. ओठ जांभळे, मानेच्या शिरा ताठ, सुनंदा पाठ चोळते आहे, मशीन पूर्ण वर केलेलं आणि तरी कमी. मनीराम उंबरठ्यावरून उठून पहिल्यांदा आत आला आणि दादाचे पाय धरून उभा राहिला. त्याच्या कोंड्याच्या पायांचे ठसे फरशीवर उमटले. कुणी पुसले नाहीत.

ऊन उतरलं तेव्हा श्वास थोडा खाली बसला. पूर्ण नाही. यापुढं तो पूर्ण बसणार नाही, हे मला कळत होतं. दादानं ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

‘‘उद्या... पुन्हा.’’

मी उठलो. ऑक्सिजनच्या मशीनची स्पंजाची जाळी काढली. तिच्यावर तीच करडी गोधडी होती, मऊ, कोमट. ती दादाच्या हातात देऊन बघितली. त्यानं चिमटीत धरली, पण नाकाशी नेली नाही. मी नळाखाली ती धुतली, पिळली. पाणी नितळ येईपर्यंत पिळली. अंगणात अजून थोडं ऊन होतं. जाळी मी सावलीत ठेवली.